आधी गाव, मग पॉइंट

सात वर्षं मी पॉइंट गोळा केले आणि त्या सात वर्षांत एकदाही, आपल्याला जायचंय कुठे, असं स्वतःला विचारलं नाही. हे आज मी सरळ लिहितोय. तेव्हा कोणी तोंडावर म्हटलं असतं तर चिडलो असतो, कारण ‘आधी ठरवा, मग करा’ हे लोकांना सांगण्यातच माझी नोकरी गेली. बंगळुरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी तेहेतीस वर्षं इंजिनिअर होतो. कुठलाही प्रकल्प टेबलावर आला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असे: हे नेमकं कशासाठी पाहिजे ते एका पानावर लिहून आणा. पान नसेल तर सही नाही. हाताखालचे लोक माझ्या माघारी मला ‘एक पान’ म्हणायचे. ते कळल्यावर मला राग यायला हवा होता, पण मनातून बरंच वाटलं होतं.

पॉइंटांचा नाद एका इस्त्रीपासून लागला. बँकेने क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं होतं, ते मी वर्षभर भीत भीत वापरलं, आणि वर्षाअखेरीला साठलेल्या पॉइंटांच्या बदल्यात घरी एक इस्त्री आली. चांगली होती, अजून चालते. फुकट आलेल्या त्या इस्त्रीने माझ्यातला हावरट जागा झाला. मग कोणीतरी सांगितलं की इस्त्र्या आणि मिक्सर घेणं हा शुद्ध गाढवपणा, पॉइंटांची खरी किंमत मिळते ती विमानाच्या तिकिटात. झालं. मी विजेचं बिल कार्डावर भरू लागलो, विम्याचा हप्ता कार्डावर, सोसायटीचा मेंटेनन्स कार्डावर. बसवनगुडीतल्या आमच्या किराणावाल्याला मी इतकं भंडावलं की मला बघताच तो हात जोडायचा, “कार्ड बेडा सार, क्याश कोडी.” कार्ड नको, रोख द्या. ऑफिसात कोणाला फ्रिज घ्यायचा असला की मी सोबत दुकानात हजर. पैसे त्यांचे, कार्ड माझं, पॉइंट माझे. एकाने तर आपल्या सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन माझ्या कार्डावर केलं.

“लोकांच्या सासऱ्यांचे डोळे बरे करून तुम्ही विमानात बसणार,” बायको म्हणायची.

थेंबे थेंबे तळे साचे, हे माझं उत्तर. तळं साचत होतं हे खरं. त्याचं पुढे करायचं काय, हे मात्र मी ठरवलं नव्हतं.

ठरवायची सवयच नव्हती, असंही म्हणता येईल. आम्हा सरकारी नोकरांचा प्रवास सरकारच ठरवत आलं. दोन वर्षांतून एकदा गावी जायला भाडं मिळायचं आणि त्यासाठी नोकरीला लागतानाच आपलं ‘होम टाउन’ कोणतं ते लिहून द्यावं लागे. मी मिरज लिहिलं. मग तेहेतीस वर्षं आम्ही मिरजेला गेलो. बायकोचं माहेर बेळगाव. ते वाटेवरच, म्हणून तेही व्हायचं. अधूनमधून ‘भारतात कुठेही’ जायची मुभा मिळे, तेव्हा अख्खं ऑफिस ज्या गावी जायचं त्याच गावी आम्ही जायचो, बिलं नीट मिळतात म्हणून. तुला कुठे जावंसं वाटतं, असं मी बायकोला विचारल्याचं आठवत नाही. तिनेही कधी आपणहून सांगितलं नाही, आणि त्यावरून मी सोयीस्कर अर्थ काढला होता की तिला कुठे जायचंच नाही.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. आता आठवड्यातून दोन दिवस बोम्मसंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यात सल्लागार म्हणून जातो. मेट्रो थेट तिथवर जायला लागल्यापासून होसूर रोडवरचा छळ वाचलाय. तिथे खरेदी विभागात एक गृहस्थ आहेत, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. मूळचे अथणीकडचे, राहायला आनेकलला. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि माझ्याशी दोन्हींची मिसळ. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना फोनवर माझ्या पॉइंटांचा आकडा दाखवला. कौतुकाची अपेक्षा होती.

त्यांनी भाकरी मोडता मोडता फोनकडे बघितलं. “भारी आहेत की सर. कुठं निघालाय?”

“अजून ठरवलं नाही.”

“मग कशाला साठवालाय?”

“ठरवू की. आधी साठू देत.”

“उलटं करालाय सर तुम्ही,” ते म्हणाले. “मोदलु गाव, आमेले पॉइंट. आधी गाव, मग पॉइंट. गाव ठरलं की कुठलं कार्ड, कुठली विमान कंपनी, कधी काढायचे, सगळं आपोआप ठरतंय. गाव नसलं की बँक सांगेल तिकडं आपण पळायचं.”

त्यांच्या घरी, त्यांनी सांगितलं, कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला असतो. वर्षाला एकच गाव. कोण कोण जाणार, कुठल्या महिन्यात, किती दिवस, आणि का. ते लिहिल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. मागच्या वर्षी आई-वडिलांना त्यांनी असंच काशीला नेऊन आणलं. कागद लिहायची पद्धतही ठरलेली: नवरा-बायकोने वेगवेगळं लिहायचं, एकमेकांचं बघायचं नाही. “बघितलं की बायको आपलं मन राखून लिहितीय सर. मग चार वर्षांनी भांडणात बाहेर येतंय, मला तिकडं जायचंच नव्हतं म्हणून.”

मी हसलो, पण आतून चरफडलो. आयुष्यभर मी दुसऱ्यांना ‘एक पान’ लिहायला लावलं आणि हा खरेदीतला माणूस माझंच औषध मला पाजत होता. परतीच्या मेट्रोत मात्र मला कबूल करावं लागलं की असा प्रकल्प माझ्या टेबलावर आला असता तर मी तो फेकून दिला असता.

त्या रविवारी नाश्ता झाल्यावर मी बायकोसमोर एक कागद ठेवला आणि दुसरा स्वतःसमोर. पद्धत समजावून सांगितली. ती म्हणाली, “परीक्षा आहे की काय?” पण पेन घेतलं. माझं पान अर्ध्या तासात तयार झालं. न्यूझीलंड, नॉर्वे, जपान. प्रत्येकापुढे महिना, दिवस, लागणारे पॉइंट आणि तळाला एक टीप की न्यूझीलंडला आधी जावं, गुडघे शाबूत आहेत तोवर. तिचं पान कधीच लिहून झालं होतं आणि ती भांडी आवरत होती. त्यावर एकच ओळ होती.

‘जोरहाट. दोघांनी. बिहूच्या आधी.’

जोरहाटला तिचा धाकटा भाऊ असतो. आसामात, चहाच्या मळ्यांच्या मुलखात; बिहू हा तिकडचा एप्रिलातला सण. एका चहाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळायला म्हणून पंचविशीत गेला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. नऊ वर्षं तो आमच्या घरी आलेला नाही आणि आम्ही त्याच्याकडे गेलेलो नाही. बहीण-भाऊ फोनवर बोलतात, रविवारी दुपारी मी आडवा झालो की, ती गॅलरीत जाऊन आणि आवाज बारीक करून. आमच्यातल्या या अबोल्याचं कारण मी आहे.

नऊ वर्षांपूर्वी सासूबाईंना बेळगावला दवाखान्यात ठेवलं. आम्ही दोघं धावत गेलो. दोनच दिवसांत, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, त्या गेल्या. मेव्हण्याला तेव्हाच फोन केला. तो म्हणाला, “निघतो. मी येईपर्यंत थांबा.” सगळी व्यवस्था माझ्याकडे होती: बर्फ, गाडी, भटजी, बाहेरगावच्या पाहुण्यांच्या परतीच्या वेळा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. बायको म्हणाली, अजून थांबू या. मी म्हटलं, किती थांबायचं? लोक खोळंबलेत. एक वाजता उचललं. जवळचं कोणी पुढे होईना, भटजी म्हणाले जावई चालतो, तेव्हा अग्नी मी दिला. तो रात्री दहाला पोचला.

त्या रात्री मी काही बोललो नाही. बोललो तेराव्याला. पंगत बसली होती आणि कोणीतरी माझं कौतुक केलं, की जावई असून मुलाचं काम केलंत. कौतुक मला नेहमीच चढतं. मी म्हटलं, “वीस तासांत माणूस अमेरिकेला पोचतो. मनात असावं लागतं.” उचलली जीभ लावली टाळ्याला. तो समोरच्याच ओळीत बसला होता. त्याने पानातलं सगळं संपवलं, हात धुतले, सगळ्या मोठ्यांच्या पाया पडला, मला सोडून, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून गेला.

तर बायकोच्या कागदावर हे जोरहाट होतं. मी तो दोनदा वाचला आणि म्हटलं, “तिकडे विमानं कुठे धड जातात? बघू.”

आमच्या घरात मी ‘बघू’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘नाही’ असा असतो. हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. “बघा,” ती म्हणाली, आणि कागद फ्रिजवर बरणीखाली ठेवून दिला.

त्यानंतरच्या बुधवारी बोम्मसंद्र्याहून परत येताना मेट्रोत बँकेचा निरोप आला. कार्डावरचे पॉइंट एका परदेशी विमान कंपनीकडे वळवले तर ते सव्वापट होणार होते, आणि आज शेवटचा दिवस होता. मी तिथल्या तिथे बँकेचं ॲप उघडलं. सगळे पॉइंट निवडले. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली की वळवलेले पॉइंट परत घेता येणार नाहीत, पुढे जायचं का? ती कंपनी न्यूझीलंडला जाते हे मला माहीत होतं. जोरहाटच्या जवळपासही फिरकत नाही, हेही माहीत होतं.

त्या क्षणी बायकोचा कागद मला आठवला नाही असं मी इथे लिहू शकतो. कोण तपासायला येणार आहे? पण ते खोटं होईल. आठवला. पॉइंट एकदा त्या कंपनीत गेले की जोरहाटचा विषय आपोआप मिटेल, मला नाही म्हणावं लागणार नाही, भांडण होणार नाही, दोष त्या शेवटच्या तारखेवर जाईल, हे सगळं मला दोन स्टेशनांच्या मध्ये लख्ख दिसलं. आणि मी ‘हो’ दाबलं.

घरी येऊन मी आनंदाची बातमी दिल्यासारखं सांगितलं, “न्यूझीलंड पक्कं समज.”

ती अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, सोलत बसली होती. थंडीत आमच्या भागात या शेंगांचे ढीग लागतात आणि बेळगावची असूनही तिला आता त्यांच्याशिवाय हिवाळा वाटत नाही. “ते पॉइंट जोरहाटला चालतात?” तिने विचारलं.

“नाही. आणि परतही येत नाहीत. पण सव्वापट झाले.”

ती सोलत राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी तरबेज आहे. पण तिचा आवाज चढला नाही.

“मी तुमच्याकडं फुकटचं तिकीट मागितलं नव्हतं,” ती म्हणाली. “मला एकटीला जायला काय झालं होतं? शाळेची पेन्शन माझी मला येते. कधीही गेले असते. पण मी एकटी गेले की ते तसंच राहणार बघा, कायमचं. तुम्हाला साखर आहे, त्याला आता बीपी निघालंय. कधीतरी एकाची बातमी येणार आणि दुसरा वेळेवर पोचणार नाही. तेव्हा कोण कुणाला काय बोलणार, सांगा.”

तिने साली गोळा केल्या, दाणे उचलले आणि आत गेली. रात्री जेवताना आम्ही सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोललो.

पुढच्या खेपेला मी खरेदीवाल्या गृहस्थांना विचारून बघितलं, काही पळवाट आहे का. “गेलेले पॉइंट येत नाहीत सर,” ते म्हणाले. “स्वल्प थांबायचं होतं. घरात विचारलं होतं की नाही?” मी म्हटलं, विचारलं होतं. “मग काय म्हणाल्या?” मी डब्याचं झाकण लावलं आणि म्हटलं, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती.

दोन-तीन आठवडे घर शांत होतं. रुसवा वगैरे काही नाही, चहा वेळेवर, जेवण वेळेवर. फक्त रविवारचा तिचा फोन आता गॅलरीत होत नव्हता, स्वयंपाकघरात, नेहमीच्या आवाजात होत होता. लपवायचं कारण तिच्या लेखी संपलं होतं. मला त्याचा त्रास का व्हावा ते कळत नव्हतं, पण होत होता.

तेव्हा मी माझ्या स्वभावाला धरून एक गोष्ट करायला घेतली. रविवारी सकाळी ती देवळात गेली असताना मी कागद घेऊन बसलो, जोरहाटचा प्रवास किती अडचणीचा आहे ते तिला पटवून द्यायला. एकाखाली एक वेळा लिहायच्या, बदलायची विमानं लिहायची, म्हणजे तिचं तिलाच कळेल. पुन्हा एक पान. जायची बाजू लवकर झाली. मग यायची बाजू भरायला घेतली. जोरहाटहून थेट इकडे काही नाही. आधी कोलकाता किंवा गुवाहाटी, आणि तिथून पुढे. जोरहाटहून दिवसाची मोजकी विमानं, तीही उजेडातली. चुकलं तर दुसऱ्या दिवशी. मला बरं वाटलं, अडचणी चांगल्या निघत होत्या.

आणि मग लिहिता लिहिता माझा हात थांबला, कारण ही वाट मेव्हण्याचीच होती, त्या दिवशीची.

त्याला फोन गेला साडेपाचला. त्या दिवसाचं जोरहाटचं विमान तेव्हा गेलेलं असणार. मी नवीन कागद घेतला. वर लिहिलं: निघणं जोरहाटहून, संध्याकाळी सहानंतर, पोच बेळगाव, दुसऱ्या दिवशी दुपारी एक. आणि नोकरीत केलं असतं तसं इमानदारीने सोडवायला बसलो. रात्रभर गाडीने गुवाहाटी, सातेक तास. सकाळचं पहिलं विमान. मध्ये कोलकाता. बंगळूर दुपारी. तोवर बेळगावचं विमान गेलेलं, म्हणून पुढे पाचशे किलोमीटर टॅक्सी. दुसरी वाट, गुवाहाटीऐवजी दिब्रुगड. तिसरी, मुंबईवरून. चौथी, गोव्यावरून. आजच्या वेळापत्रकात दुपारी एकला पोचणारी एकही वाट नव्हती, आणि नऊ वर्षांपूर्वी विमानं याहून कमीच होती. सगळं जुळून आलं, कुठे धुकं पडलं नाही, कुठे गाडी पंक्चर झाली नाही, तरी माणूस रात्री साडेनऊ-दहाच्या आत बेळगावात येत नाही.

तो दहाला आला होता.

म्हणजे तो उशिरा आला नव्हता. जितक्या लवकर पोचता येत होतं तितक्या लवकर तो पोचला होता. वाटेत जेवायलासुद्धा थांबला नसेल. वेळ मी ठरवली होती, एक वाजताची, पाहुण्यांच्या गाड्या बघून. अजून एक रात्र बर्फ आणला असता तर त्याला आईचं तोंड बघायला मिळालं असतं. आणि तेराव्याला मी भर पंगतीत त्याला मनात काय असावं लागतं ते शिकवलं. हे गणित सोडवायला मला अर्धा तास लागला होता. नऊ वर्षांत तेवढा अर्धा तास मी काढला नव्हता. मला फार लाज वाटली. तिकडे खिडकीखाली भाजीवाला ओरडत होता आणि मी तसाच पेन धरून बसून राहिलो.

बायको देवळातून आली तेव्हा मी कागद तिच्यापुढे केला. तिने चष्मा लावला नाही, कागदाकडे बघितलंही नाही.

“हे मला तेव्हाच ठाऊक होतं,” ती म्हणाली. “कुठनं कुठनं आला ते त्यानं मला सगळं सांगितलं होतं. मी तुम्हाला दोनदा सांगितलं.”

“मी काय म्हटलं?”

“म्हणालात, कारणं सांगायला काय जातंय.”

मला असं म्हटल्याचं आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, लगेच ओळखू आलं.

“फोन लाव,” मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं. रागाच्या भरात आहे की काय ते बघत असावी. मग प्रसाद टेबलावर ठेवला, नंबर लावला, “थांब हं, दाजी बोलतायत,” एवढंच म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला. नऊ वर्षांनी वरातीमागून घोडं दामटायला मी उभा राहिलो आणि बोलायचं काय तेच सुचेना.

“बोला दाजी,” तिकडून आवाज आला. आवाज जाड झाला होता. मला तो पन्नाशीच्या आतलाच आठवत होता.

“मी आज जोरहाटहून बेळगावला यायच्या सगळ्या वाटा काढून बघितल्या,” मी म्हटलं. “त्या दिवशीच्या. गुवाहाटीवरून, कोलकात्यावरून, दिब्रुगडवरून. एकही दुपारपर्यंत पोचत नाही.”

तिकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

“दिमापूर राहिलं तुमचं,” तो म्हणाला. “मी तेही बघितलं होतं.”

“मी त्या दिवशी पंगतीत बोललो ते चुकीचं होतं. आणि एकची वेळ मी ठरवली होती. तुझी अक्का थांबा म्हणत होती, मी ऐकलं नाही. सकाळपर्यंत थांबायला पाहिजे होतं. चुकलं माझं.”

हे मी घाईघाईने म्हटलं, मध्येच आवाज जाईल या भीतीने. त्याने असू दे वगैरे म्हटलं नाही. मला ते बरं वाटलं. असू दे म्हणण्यासारखं ते नव्हतंच.

“तुम्ही येणार म्हणाली होती अक्का,” तो म्हणाला. “मग परत म्हणाली, नाही जमत.”

“जमतंय. तिकिटं आजच काढतो. तुला चालणार असेल तर.”

“या. मार्चमध्ये या. पुढं पाऊस लागतो इकडं.” मग म्हणाला, “दाजी, एक विचारू?”

“विचार.”

“आई गेली तेव्हा खोलीत तुम्हीच होता ना? अक्का म्हणते, ती औषधं आणायला खाली गेली होती.”

“हो. मी एकटाच होतो.”

“मग मला सांगा की. कशी गेली, काही बोलली का, त्रास झाला का. नऊ वर्षं झाली, मला काहीच माहीत नाही. सांगणारे तुम्ही एकटे, आणि तुम्हाला विचारायचं कसं?”

मी खुर्ची ओढून बसलो. बायको समोर उभी होती, तीही बसली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिलाही मी ते कधी नीट सांगितलेलं नाही. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि त्या सकाळी सासूबाईंनी अर्धा कप चहा मागितला होता, तिथपासून सांगायला लागलो.